सासऱ्यांची डुलकी

इटलीत मिलानजवळच्या आमच्या कांतू गावात आरामखुर्ची कागदावर पास होत नाही, डुलकीवर होते. रविवारी मक्याचा पोलेंटा आणि सशाचा रस्सा हाणून घरातला म्हातारा तीत घोरला, तरच ती कारखान्याबाहेर पडते. आमच्याकडे हा मान माझ्या सासऱ्यांचा, गाउदेन्झिओंचा. खुर्च्यांत स्प्रिंगा आणि घोड्याचे केस भरण्यात त्यांची उभी हयात गेलेली.

त्या रविवारी परीक्षा होती माझ्या धाकट्या भावाची. दारिओ मिलानला आर्किटेक्ट झाला, त्यानंतरची ही त्याची पहिली खुर्ची. मामंजी झोपले तर ती मिलानच्या प्रदर्शनात जाणार, नाहीतर हा पुन्हा दुसऱ्यांच्या नकाशांवर रेघा ओढायला मोकळा. खुर्ची बुटकी, काटकुळ्या पायांची. आत स्प्रिंगांऐवजी टायरवाल्यांनी नवीनच काढलेला रबरी फोम.

"पाय बगळ्याचे लावलेस की रे," मामंजी म्हणाले. "कुठून उचललंस हे?"

"डेन्मार्कचा प्रभाव आहे, काका. थोडा विमानाच्या पंखांचाही."

"मग आधी मला पट्टा बांध."

ते बसले आणि डोळे टक्क उघडे ठेवून बसले. झोपायचं नाही असं ठरवूनच आले होते, लबाड कुठले! दारिओ नखं कुरतडत होता. मला त्याची दया येत होती आणि हसूही.

थोड्या वेळाने पत्त्यांचे सोबती दारातून हाका मारून गेले. मामंजी जागचे हलले नाहीत.

"ताई, पत्ते सोडले त्यांनी!" दारिओ माझ्या कानाशी पुटपुटला. "झोपेपेक्षा मोठं सर्टिफिकेट झालं हे." आणि खुशीत अंगणात सिगारेट ओढायला गेला.

मी कॉफी घेऊन गेले, तर मामंजींचे गुडघे छातीशी आलेले आणि कपाळावर घाम.

"सूनबाई, दार लोटून घे."

"का हो?"

"लोट म्हटलं ना! संडासला जायचंय आणि ह्या डबक्यातून उठता येत नाहीये."

मला हसू फुटणारच होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी कॉफी खाली ठेवली. ज्या माणसाने माझ्याकडे कधी पाण्याचा पेला मागितला नव्हता, त्याने हात पुढे केला होता. मी ओढलं. ते कसेबसे उठले आणि नेमका तेव्हाच दारिओ दारात.

मामंजींची मान खाली गेली. दारिओला एका नजरेत सगळं कळलं. आता हा काय बोलणार?

"काका," तो म्हणाला, "ह्या खुर्चीचे हात काही मला पटत नाहीत. जरा पुढे काढतो, मुठीत मावतील असे. बैठकही चार बोटं वर घेतो. दिसायला बरी दिसेल."

"दिसायलाच म्हणतोय मी," मामंजी घाईघाईने म्हणाले आणि धावले.

पुढच्या रविवारी कॉफी यायच्या आत ते घोरू लागले.

मिलानला खुर्चीच्या त्या हातांभोवती ही गर्दी. कुणाला त्यांत होडीचं नाक दिसलं, कुणाला जपान. दारिओ सगळ्यांना हो म्हणत होता. मामंजी खुशाल जाऊन तीत बसले. मग हातांची टोकं मुठीत धरून, कुणाकडेही न बघता, आपले आपण उभे राहिले. लोक खुर्ची बघत होते. दारिओ एकटा त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होता. माझ्या भावाचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता.