तांबड्या ठिपक्यातले कण

अक्कलकोट रोडवरच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये शिवरात्रीच्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या भिंतीला भस्म लिंपलं होतं, धुपाचा धूर कोंदला होता आणि चनमल्लप्पा स्वामींच्या गादीमागून निघालेली तांबडी रेघ धुरातून थेट भिंतीवर टेकली होती; तिथं तांबडा ठिपका उमटला होता. ना ज्योत, ना वात. ताणलेल्या सुतासारखी सरळ रेघ! लोकांनी धडाधड हात जोडले.

“शिवाचा तिसरा डोळा हाय ह्यो!” स्वामी गरजले. “पापी आला की मंदावतो, भक्त आला की पेटतो! चष्मे, औषधं समदं चपलांसंगं भायेर ठेवा!”

देवाचं चष्म्यांशी काय वैर होतं कोण जाणे. कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या रुद्राणीनं आपला जाड चष्मा काही उतरवला नव्हता. एरवी तिला हसू आलं असतं, पण पहिल्या रांगेत तिची आई बसली होती. घरात सगळे तिला अव्वा म्हणत. अव्वाला काचबिंदू होता. डोळ्यात घालायचे थेंब चुकवले तर नजर जाईल आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. स्वामींच्या शब्दाखातर अव्वानं दिवाळीपासून थेंब घालणं बंद केलं होतं, चष्माही सोडला होता.

“अव्वा, घरी चल. हे लेसर आहे. काचेच्या नळीत गॅस भरून वीज सोडतात. खटपट्या माणूस घरीसुद्धा बनवतो.”

“असंल. पर तुजं तोंड मला धुरकट दिसतंय, आन् त्या ठिपक्यात मोहरीवानी बारीक कण लखलखत्यात. येक येक येगळा दिसतोय की! नजर परत यायलीय माजी.”

अव्वा खोटं बोलणारी नव्हती. मग तिला ते कण दिसत कसे होते? हा प्रश्न तिला आत कुठंतरी टोचत राहिला.

धुरानं तिचे डोळे चुरचुरले. पुसायला म्हणून तिनं चष्मा काढला. स्वामी, भिंत, माणसं सगळं एकमेकांत मिसळून गेलं. कण मात्र जिथल्या तिथं, लख्ख दिसत होते!

तिच्या डोक्यात चक्क उजेड पडला. चष्मा पुन्हा चढवून ती उठून उभी राहिली.

“चष्मा बाहेर ठेवलेल्यांनी सांगा, ठिपक्यात कण दिसतात का?”

“व्हय! लई झ्याक!”

“आता स्वामींच्या माळेतले रुद्राक्ष मोजा बघू.”

कुणालाच जमेना. लोक डोळे बारीक करून एकमेकांकडं बघू लागले.

“ते कण भिंतीवर नाहीतच. लेसरचा उजेड खडबडीत भस्मावरून उलटतो आणि त्याच्या लाटा आपल्या डोळ्यात मागच्या पडद्यावर एकमेकींत मिसळतात. कुठं जोर वाढतो, कुठं मरतो. तेच हे कण. नजर अधू असली तरी ते स्वच्छ दिसतात. त्यानं कुणाचा डोळा बरा होत नाही!”

“पापीण हाय ही! बगा, देवाचा डोळा मंदावला!” स्वामी ओरडले. रेघ खरोखरच फिकी झाली होती.

पण रुद्राणीचं लक्ष रेघेकडं नव्हतं. स्वामींच्या मांडीवरची शाल हलल्याचं तिनं पाहिलं होतं. तिनं सरळ शाल ओढली. खाली पंख्याचा रेग्युलेटर होता आणि त्यावर स्वामींचा अंगठा. वायर गादीमागच्या लाकडी पेटीत गेली होती. पेटीच्या फटीतून काचेची नळी गुलाबी पेटलेली दिसत होती.

“हे पाप,” तिनं रेग्युलेटर फिरवला. रेघ फिकटली. “हे पुण्य!” रेघ पेटली. “पाप. पुण्य. बोला स्वामी, आता काय लावू?”

“आरं, ह्यो तर रेडिवो दुरुस्त करायचा!” मागून कुणीतरी ओरडलं आणि शेडभर हशा पिकला. त्या गोंधळात स्वामींनी मागच्या दारानं धूम ठोकली.

अव्वा हसली नाही. “मंजी मला दिसलं ते खोटं व्हतं?”

“दिसलं ते खरं होतं, अव्वा. नजर सुधारली, हे खोटं होतं.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. डावा डोळा गेला होता, कायमचा. उजवा वाचवता येईल, पण थेंब एकही दिवस चुकता कामा नये, असं ते म्हणाले.

दवाखान्याच्या बाकावर गोजाबाई बसली होती. तीही स्वामींच्या शेडमध्ये येणारी. ती हळूच म्हणाली, “अव्वा, पर तुमास्नी तर दिसायलं व्हतं की वं!”

“दिसायलं व्हतं,” अव्वा म्हणाली. “का दिसायलंय, ते मी कुणाला इचारलं न्हाई. माजा येक डोळा त्याच्यापायी गेला, गोजा. तू इचार. देव असू दे न्हाईतर स्वामी, आदी इचार.”