तेरावी पट्टी

सेजकोट गावात रूबेन टिडमार्शच्या उजव्या हाताला जेवढा मान होता, तेवढा पाद्र्याच्या जिभेलाही नव्हता. पाद्री येत-जात असत. हात एकतीस वर्षं तोच होता.

दर जुलैच्या पहिल्या सोमवारी नदीकाठच्या कुरणाची वाटणी व्हायची. कुरण साऱ्या गावाचं, हक्काची घरं तेरा, म्हणून पट्ट्याही तेरा. कातडी पिशवीत चेरीच्या लाकडाचे अक्रोडाएवढे तेरा मणी, एकेका घराचा एकेक. त्यांवर कोरलेली नावं कुठल्या तरी जुन्यापुराण्या माणसांची होती: पर्किन, ऑस्बर्ट, मोल, लांब्या विल. ही मंडळी कोण, कधी होऊन गेली, कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायच्या फंदातही कुणी पडत नसे. रूबेनने पिशवीत हात घालायचा, मणी काढायचा, नाव पुकारायचं. पहिल्या मण्याला टेकाडाकडची पहिली पट्टी, मग दुसरी, असं करत तेराव्याला नदीलगतची. टेकाडाकडे कमरेएवढं गोडसर गवत, नदीलगत लव्हाळे आणि घोटाभर चिखल. लागली ती पट्टी मुकाट घ्यायची. अदलाबदल नाही, विक्री नाही. कुरकुर करायचीच तर ती गुत्त्यात जाऊन.

रूबेनला मात्र एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्याने बायको जिवंत असताना तिलाही सांगितली नव्हती. त्याची बोटं सगळे मणी ओळखत होती. मोलच्या मण्याला खालून चीर होती, ऑस्बर्ट एका अंगाने चपटा होता, पर्किनला किड्याने पाडलेलं बारीकसं भोक होतं. एकतीस वर्षं हाताळलं तर दगडसुद्धा ओळखीचा होतो, त्यात त्याचा काय दोष? त्याने आपल्यापुरता एक नियम केला होता: तळव्याला जो पहिला लागेल तोच बाहेर काढायचा. ओळखायचं, पण निवडायचं नाही. हा नियम त्याने एकदाही मोडला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्याला थोडा ताठाही होता.

पर्किनचा मणी एके काळी त्याचाच. लीआचं, त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं तेव्हा त्याने तो तिला देऊन टाकला. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा कोठाराच्या छपरावरून पडून वारला. मागे राहिल्या दोन लहान मुली, एक गाय, आणि शनिवारच्या बाजारात विकायला लोणी. गाय होती म्हणून घर होतं. तिला हिवाळाभर दोन गाड्या चांगलं वाळलं गवत लागायचं, आणि ते कुरणाखेरीज कुठून यायचं? तर गेली तीन वर्षं पर्किन पहिल्या तिनांतच निघत होता. एकदा तिसरा, मग दोनदा पहिला.

गावाला एवढं पुरे झालं.

वाटणीच्या आधीच्या शनिवारी दुपारी रूबेन गुत्त्यात शिरला तेव्हा नेथन वेस्टी बाकावर पाय पसरून बसला होता. नेथनची जमीन गावात सगळ्यांत जास्त आणि तोंडही तेवढंच मोठं. गेल्या साली त्याच्या वाट्याला तेरावी पट्टी आली होती.

“या, रूबेनकाका,” नेथन म्हणाला. “यंदा पर्किनला कितवी पट्टी द्यायचं ठरलंय? नाही, आधी कळलं तर बाकीचे आम्ही घरीच झोपतो.”

“नशिबाला विचार.”

“विचारलं असतं, पण ते तुमच्या बाहीत राहतं म्हणतात. त्याला म्हणावं, एखाद्या वर्षी आमच्याकडेही ये की जेवायला. आम्हीपण डुकराचं मांस वाढतो, नुसता पाव-कांदा नाही.”

सगळे खो खो हसले. रूबेनही हसला, पण बिअर त्याने तशीच ठेवली. नेथनचं त्याला काही वाटलं नाही, नेथनचं तोंडच तसलं. पण हसणाऱ्यांत जोब प्रॅटली होता. चर्चच्या घंटा दोघांनी चाळीस वर्षं शेजारी उभं राहून वाजवल्या होत्या. त्या हसण्याने रूबेनच्या काळजाला घरं पडली.

सोमवारी सगळा गाव कुरणाच्या फाटकाशी जमला. लीआ दोन्ही मुलींना घेऊन मागे उभी होती. रूबेनने बाही कोपरापर्यंत वर केली, कुणी सांगितलं नसताना, आणि पिशवीत हात घातला.

तळव्याला पहिला लागला तो पर्किन.

समोर नेथनचे डोळे त्याच्या उघड्या हातावर खिळले होते. मणी मुठीत होता, नुसता हात वर काढायचा होता. आणि रूबेनने मूठ सोडली. एकदाच बाजूला सारतोय, त्याने मनाशी म्हटलं, पुन्हा लागला की घेईन. शेजारचा चपटा मणी उचलून तो ओरडला, “ऑस्बर्ट! पहिली पट्टी!”

ऑस्बर्ट नेथनचा होता. नेथनचा चेहरा असा काही खुलला की लोकांत हशा उसळला, आणि त्या हशात या वेळी मायाही होती.

चौथ्या खेपेला पर्किन पुन्हा बोटांत आला. सातव्या खेपेला पुन्हा. प्रत्येक वेळी रूबेनने त्याला तळाशी ढकललं, आणि दर खेपेला ते आधीपेक्षा सोपं गेलं. शेवटी पिशवीत दोन उरले, पर्किन आणि जोबचा मोल. त्याने चीर चाचपली आणि मोल बाहेर काढला.

तेरावं नाव पुकारायची गरजच उरली नाही. लीआने मुलींचे हात धरले आणि ती घराकडे वळली.

“चुकलं माझं, काका,” नेथनने सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात टाकला. “हात खरा आहे तुमचा. पोटच्या पोरीलाही सोडत नाही!” नंतर गुत्त्यात जोबने स्वतःच्या मगातली अर्धी बिअर त्याच्या मगात ओतली. आणि रूबेनला बरं वाटलं. लेकीच्या गोठ्याचं वाटोळं करून आलेला हा माणूस चांगला तासभर खुशीत होता.

संध्याकाळी तो तिच्याकडे गेला तेव्हा ती लोणी काढत होती. तिने वर पाहिलं नाही.

“यंदा नशिबाने दगा दिला, पोरी,” तो म्हणाला. “मी रस्त्याकडेचं गवत कापून आणीन थोडं थोडं.”

“बाबा, मी लहानपणापासून तुमचा हात बघत आलेय.” लोण्याच्या पिंपातला दांडा वरखाली होतच होता. “दरवर्षी तुम्ही तळ्यातून मासा उचलावा तसा मणी उचलता. यंदा दर वेळी थांबत होतात. पिशवीत काय शोधत होतात?”

रूबेन स्टुलावर बसला. खोटं बोलावं असं त्याला वाटलं, तरी त्याने सगळं सांगितलं. बोटांचं, नियमाचं, तीनदा हाती येऊन सोडलेल्या मण्याचं.

दांडा थांबला. “आणि आधीची तीन वर्षं?”

“तुझ्या आईशपथ, जो पहिला लागला तोच काढला.”

“म्हणजे ते माझं नशीब होतं,” लीआ म्हणाली. “आणि यंदाचं तुम्ही केलंत.”

“लोक काय काय बोलत होते, लीआ. जोबसुद्धा हसला.”

“हसला? अरे देवा! जोब हसला म्हणून माझी गाय उपाशी?” ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. “जा घरी. मुली झोपायच्यात.”

तीन दिवस रूबेनला अन्न गोड लागलं नाही. आयुष्यात एकदाच लबाडी केली, तीही प्रामाणिक दिसण्यासाठी, आणि तीही त्या एकाच घराशी जिथे कुणी त्याच्यावर संशय घेतला नव्हता. गुरुवारी कापणी होती. उजाडताना तेरा घरांची माणसं लांब दांड्याचे विळे घेऊन आपापल्या पट्टीच्या तोंडाशी उभी राहत आणि रूबेनने आरोळी दिली की एकदम कापायला लागत. त्या दिवशी रूबेन मध्ये जाऊन उभा राहिला आणि आरोळीऐवजी त्याने टोपी काढली.

“वाटणी खोटी झाली,” तो म्हणाला. “मी मणी ओळखतो. पर्किन सगळ्यांत आधी हाताला लागला होता. मी तो मुद्दाम शेवटाला ठेवला. पुन्हा काढायला हवं, आणि या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताने.”

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग नेथन हसायला लागला.

“वा काका, वा! तीन वर्षं पोरीची पट्टी वर, तेव्हा वाटणी खरी. एक वर्ष खाली गेली, तर लगेच खोटी!”

“मी खरं सांगतोय.”

“खरं ते सोमवारी बोलला हात. आता बोलतोय तो बाप.”

“मणी कसे ओळखणार म्हणे?” कुणीतरी मागून ओरडलं. “म्हाताऱ्याला स्वतःची बटणं लावता येत नाहीत!”

“राहू द्या रे,” जोब कळवळून म्हणाला, आणि ती दया रूबेनला टोमण्यापेक्षा जास्त बोचली. “लेकीसाठी जीव तुटतोय त्याचा. लीआ, तू सांग. तूच सांग. तुला काय म्हणाला तो? तू ‘होय’ म्हणालीस तर मी माझा मणी परत पिशवीत टाकतो.”

सगळे वळले. खाली लव्हाळ्यांच्या कडेला लीआ विळा घेऊन उभी होती. एक ‘होय’, आणि जोबच्या मागून आणखी चार जणांनी तरी मणी टाकले असते. लीआने जोबकडे पाहिलं, मग नेथनकडे. नेथनच्या ओठांवर पुढचं वाक्य तयारच होतं, बाप लबाड आणि लेक त्याहून. ते उद्या गुत्त्यात होणार, परवा बाजारात, आणि तिच्या मुली मोठ्या होईपर्यंत गावात राहणार.

“तेरावी लागली, ती घेतली,” ती म्हणाली. “मला कुणी काही सांगितलेलं नाही. कापायला लागा, दव सुकतंय.”

“शाब्बास पोरी!” नेथन म्हणाला. “काका, तुमचा हात सोन्याचा आहे, जिभेचं आम्ही मनावर घेत नाही.” लोक हलक्या मनाने हसले, आणि आरोळीची वाट न बघताच विळे सपसप चालायला लागले.

रूबेन उतारावरून धडपडत खाली आला. चिखल त्याच्या बुटांत शिरला.

“लीआ, का? एक शब्द बोलली असतीस तर...”

तिने विळ्याचं पातं लव्हाळ्यांत घातलं. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, “तुमचं नाव राहिलं ना, बाबा? हिवाळ्यात या, आणि माझ्या गाईपुढे तेच टाका.”