पश्चिमेचं दार

क्लायंट कसाही चालेल, बाप नको. हे मी आता ऑफिसच्या भिंतीवर लिहून लावणार आहे.

रामटेकच्या अलीकडे, आमच्या गावाच्या कडेला बाबांनी घरासाठी प्लॉट घेतला आणि नकाशा माझ्यावर सोपवला. पश्चिमेला डांबरी रस्ता, पलीकडे गाव. पूर्वेला धानाच्या बांध्या, भाताची शेतं, थेट नजर पोचेल तिथवर. नागपूरकडचा मे महिना ज्यानं भोगलाय त्याला सांगायला नको, पश्चिमेला दार ठेवणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून मी रस्त्याच्या बाजूनं जाड, कोरी भिंत घेतली आणि दार मागे, बांध्यांकडे. समोर ऐसपैस ओटा. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते.

बाबांनी नकाशा बघितला. "सब बढिया आहे. फक्त दार रस्त्याकडून घे."

मी ऊन समजावलं, धूळ समजावली, ट्रकचे हॉर्न समजावले. पुठ्ठ्याचं मॉडेल करून त्यावर टॉर्चनं दुपारचं ऊन पाडून दाखवलं. बाबा मान डोलवायचे, चहा पाजायचे आणि पुन्हा तेच. दार रस्त्याकडून. आईला कुठलंही दार चालणार होतं. तिला फक्त आमचं भांडण थांबायला हवं होतं.

शेवटी गेल्या रविवारी मी आईबाबांना घेऊन गेले आणि प्लॉटवर फक्की मारली. सगळ्या खोल्या पांढऱ्या रेघांनी जमिनीवर आखल्या. प्रत्यक्ष उभे राहिले की पटेल, असं वाटलं. तर बाबांनी प्लास्टिकची खुर्ची आणली, नेमकी पश्चिमेच्या रेघेला चिकटवली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

"बाबा, ती भिंत आहे! भिंतीत तोंड खुपसून बसले तुम्ही!"

"बसू दे."

"पण काहून? वास्तुशास्त्र आहे काय?"

"तुह्या आज्यानं छप्पनले दीक्षा घेतली. आपल्या घरात वास्तू कवापासून आली वं?" बाबा पहिल्यांदा चिडले. मग म्हणाले, "मी जनमभर या गावचे फ्यूज बसवले, दीक्षा. लाइन गेली का रस्त्यावरून आवाज देत, रविंद्र, चल गा! आपल्या उंबरठ्याच्या आत कोणी आलं नाई. तू पास झाली तवा पेढा बी रस्त्यावरच उभं राहून घेतला. आता दार मागून ठेवलं तं त्याइले बहाना भेटते. म्हणतीन, दारच दिसलं नाई."

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस हे बोलायला काय झालं होतं यांना? "आणि त्याइच्यासाठी आपण उन्हात भाजून घ्यायचं?"

"त्याइच्यासाठी नाई. माह्यासाठी."

तेवढ्यात रस्त्यावरून हाक आली. "काय गा रविंद्र! घर बांधून राहिला म्हणते!" महादेवराव, गावातले मोठे शेतकरी. या हाकेसरशी बाबा ताटावरून उठून धावलेले मी पाहिले आहेत. आज ते खुर्चीतून हलले नाहीत.

"हो. या ना भाऊ, आत या."

महादेवराव हसले. रेघेपर्यंत आले, थांबले. "इथं तं भिंत दिसते. दार कुठी हाय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मागे बोट दाखवलं असतं, तर महादेवराव तिथूनच दोन शब्द बोलून निघून गेले असते, आणि त्यांना कुणी नावंही ठेवली नसती.

मी बुटानं रेघ पुसली. चांगली चार फूट.

"इथं आहे, काका. या."

महादेवराव उभेच राहिले. एकदा मागे वळून गावाकडे बघितलं. मग त्या उघड्या रानात, मातीवर, त्यांनी रेघेबाहेर चपला काढल्या आणि आत आले. बाबांनी उठून त्यांना खुर्ची दिली. आईनं थर्मासमधला चहा कपात ओतला. महादेवरावांनी कप घेतला, सावकाश संपवला, आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "पण रविंद्र, दार पश्चिमेले काहून ठेवलं गा? लय ऊन लागन."

मी तोंड उघडणार होते.

"लागू द्या," बाबा म्हणाले.