मालनबाई कमी होतात

मुरलीने शर्टाची बटणं स्वतःच्या हाताने लावली त्या सकाळी मालनबाईंच्या डाव्या हाताची करंगळी गेली. दुखलं नाही, रक्त आलं नाही. लिहिता लिहिता खडू संपतो तशी संपली. बाईंनी उरलेल्या बोटांनी त्याची कॉलर सारखी केली, "शाबास" म्हणाल्या आणि दुपारी शिरस्त्याप्रमाणे शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले.

त्या कार्यशाळेत हे असंच चालायचं. वयाने मोठी झालेली, पण शिकायला जरा जास्त वेळ घेणारी मुलं-मुली तिथे येत. नीटनेटकं राहणं, चहा करणं, अनोळखी माणसाला नमस्कार करून नाव सांगणं, एसटीने जाऊन त्याच गावी परत येणं आणि नशिबाने साथ दिली तर कुठेतरी नोकरीला लागणं, असा अभ्यासक्रम. शिकवायची पद्धत जुनी आणि चांगली. आधी मुलाचा हात हातात धरून करून घ्यायचं, मग नुसतं कोपराला बोट लावायचं, मग तोंडाने सांगायचं, मग गप्प उभं राहायचं. मूल आपलं आपण करू लागलं, की शिक्षकाचा तेवढा भाग जायचा. जी मदत कुणाला लागत नाही ती ठेवून करायचंय काय?

त्यामुळे चांगला शिक्षक ओळखणं सोपं होतं. तो कमी असायचा. शिवणकामाच्या रेगेबाईंचा आता फक्त खोकला उरला होता. तो रोज अगदी वेळेवर यायचा आणि सुट्टीला जायचा. प्राचार्य ढोले सर मात्र अखंड होते. ते 'व्यक्तिमत्त्व विकास' हा विषय शिकवत. एवढ्या वर्षांच्या सेवेत त्यांची पापणीसुद्धा गळली नव्हती. उलट त्यांच्यासाठी खुर्ची बदलावी लागली होती. देणगीदार आले की संस्था त्यांनाच पुढे करी. पाहुण्यांना दिसायला काहीतरी हवं ना!

मुरलीधर साळुंखे अठ्ठावीस वर्षांचा, उभा राहिला की दार भरून जाईल असा गडी. तो भराभर शिकत गेला. बाईंच्या घरच्यांच्या मते जरा जास्तच भराभर.

"आज काय गेलं?" बाईंचे यजमान दिगंबरराव संध्याकाळी पेपरातून विचारत.

"डावं कोपर. त्याला रस्ता ओलांडता आला."

"उजवं नाही ना?"

"नाही."

"मग पोळ्यांचं भागेल."

पुढे उजवं कोपरही गेलं, तेव्हा दिगंबररावांना पोळ्या शिकणं भाग पडलं. बाईंनी दारात उभं राहून नुसतं तोंडाने सांगितलं, तरी पहिली पोळी फुगताच त्यांचा एक कान गेला. 'यांच्यावर कान घालवायला नको होता,' असं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण पोळी मऊ झाली होती.

अशा रीतीने पावसाळा संपेपर्यंत बाईंचं तोंड, हनुवटी आणि उजव्या हाताचा पंजा एवढंच उरलं. साडी त्या खुर्चीच्या पाठीला पिना लावून बसवत. दिसणं आणि ऐकू येणं शाबूत होतं. ते नेमकं कुठे राहिलं होतं याची चौकशी कुणी केली नाही.

मुरली तोवर स्टँडमागच्या रफिकभाईंच्या बेकरीत उमेदवारीवर जाऊ लागला होता. पीठ मळायचा, पाव मोजायचा, गिऱ्हाइकाला "या काका" म्हणायचा. एका दुपारी रफिकभाई त्याला स्वतःच्या स्कूटरवर घालून परत घेऊन आले. मुरलीचे दोन्ही तळहात फोडांनी भरले होते.

"भट्टीवरच्या पोराने चेष्टा केली, बाई," रफिकभाई म्हणाले. "म्हणाला, मुरल्या, भट्टीतला पत्रा हाताने काढ. याने काढला. त्या पोराला मी दोन लगावल्या, पण उपयोग काय? तुमचा गडी सोनं आहे. फक्त भट्टीजवळ सगळ्याला हो म्हणणारा माणूस मला परवडायचा नाही. उद्या कुणी आत जा म्हणालं, तर हा आत जाईल."

"मग?"

"नाही म्हणायला शिकवा. ईदपर्यंत जागा धरून ठेवतो. त्यापुढे गर्दी असते, मला माणूस घ्यावाच लागेल."

हा धडा कार्यशाळेत आजवर कुणी घेतलाच नव्हता. भिंतीवर ढोले सरांच्या अक्षरात 'आज्ञाधारकपणा हाच खरा दागिना' असं रंगवलं होतं. मुरलीने तो दागिना लहानपणापासून अंगावरून उतरवला नव्हता. जेव म्हटलं की जेवायचा, झोप म्हटलं की झोपायचा, आणि घरीदारी सगळे म्हणायचे, किती शहाणं बाळ.

बाईंनी धडा सुरू केला.

"मुरली, चप्पल डोक्यावर ठेव."

ठेवली.

"डब्यात पाणी ओत."

ओतलं. मग मुरलीने डब्यातली भाकरी खाल्ली.

"कशी लागतेय?"

"ओली."

"मग ओतलंस कशाला?"

"तुम्ही म्हणालात."

"मी म्हटलं म्हणून काहीही करशील?"

"हो बाई," मुरली म्हणाला आणि कौतुकाची वाट पाहत राहिला.

असे बरेच दिवस गेले. एकदा बाई त्याच्या हाताची पट्टी बदलत असताना त्याने विचारलं, "बाई, हे मला आलं की तुमचं काय जाणार?"

"तोंड, बहुतेक."

"मग जेवणार कशा?"

"बघू."

"आणि बोलणार कोण?"

"तू."

मुरलीने बराच वेळ विचार केला. विचार करताना तो पाय हलवायचा, पाय थांबला. "मला नाही शिकायचं," तो म्हणाला.

बाईंची हनुवटी गेली.

बाजूच्या खोलीत रेगेबाई खोकल्या.

"नाही म्हणालास की रे."

"चुकून म्हटलं!" आणि त्याने पट्टीचा हात तोंडावर दाबून धरला.

दुसऱ्या दिवसापासून मुरलीला काहीच येईना. बटणं वरखाली लावून आला, चहात मीठ घातलं, भलत्याच एसटीत बसला आणि कंडक्टरला नमस्कार करून नाव सांगत परत आला. रोज सकाळी येऊन आधी बाईंच्या डाव्या बाहीत डोकावायचा. तिथे काही उगवलेलं नसायचं. करंगळी फसत नव्हती. आलेलं लपवता येतं. परत करता येत नाही.

ढोले सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी बाईंच्या खुर्चीसमोर आपली खुर्ची ओढली. "मालनबाई, कशाला घाई करता? मुलगा रमलाय इथे. तो राहील, तुम्ही राहाल, पटावरचा आकडा राहील. सगळेच राहू की."

"ईद जवळ आलीय, सर."

"ईद दरवर्षी येते."

बाईंनाही ते पटत होतं, नाही असं नाही. उरलेलं तोंड त्यांना आवडायचं. सकाळचा चहा त्याने घेता यायचा; दिगंबररावांना मीठ कुठे आहे ते सांगता यायचं. त्या रात्री त्यांनी ठरवलं, की राहावं. सकाळी पट्टी सोडली तर फोडांच्या जागी नवी कातडी आली होती, गुलाबी, पातळ, लहान मुलाच्या टाचेसारखी. बाईंनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"चल," त्या म्हणाल्या. "बेकरीत."

परीक्षा म्हटली की देखरेख आलीच, म्हणून ढोले सरही निघाले. रस्त्याने मुरलीने बाईंचा पंजा डाव्या हातात धरला होता आणि तोंड त्याच्या खांद्याजवळून येत होतं. रफिकभाईंनी सगळ्यांना स्टुलं दिली. सरांना दोन दिली. भट्टीचं दार उघडलं. आत खारीचे पत्रे तांबूस झाले होते.

ज्याला नाही म्हणणं सगळ्यात अवघड, त्यानेच सांगायचं, एवढाच परीक्षेचा नियम होता.

"मुरली," बाई म्हणाल्या, "पत्रा काढ. हाताने."

मुरलीने त्यांच्याकडे पाहिलं, म्हणजे तोंडाकडे. मग उजवा हात पुढे केला. बाईंच्या ओठांवर 'थांब' तयार होता. तो बाहेर पडला असता तर ती मदत झाली असती. बाईंनी तो गिळला. गळा नसताना कसा गिळला, ते त्यांनाही कळलं नाही. हात भट्टीच्या तोंडापाशी गेला. मनगटावरचे केस आखडले. रफिकभाई स्टुलावरून उठले.

"नाही बाई," मुरली म्हणाला. "भाजतंय."

कोपऱ्यातली लांब सळई घेऊन त्याने पत्रा बाहेर ओढला आणि ओट्यावर ठेवला.

बाईंना शाबास म्हणायचं होतं. शब्द निघाला, पण तोपर्यंत तोंड गेलं होतं.

"उद्या पहाटे ये," रफिकभाई म्हणाले. "टोपी मी देतो."

मुरली खांद्याजवळच्या मोकळ्या जागेकडे पाहत राहिला. मग त्याने डाव्या हातात पाहिलं. पंजा होता.

"छान," ढोले सर दोन्ही स्टुलांवरून उठत म्हणाले. "आता तो हात इकडे दे. संस्थेचा आहे. कपाटात नीट ठेवू, पाहुण्यांना दाखवता येईल."

मुरली हलला नाही.

"मुरली, ऐकलंस ना? सोड तो हात."

पंजाला सगळं समजत होतं. मुरलीने हो म्हटलं, तर आजची परीक्षा उद्या पहाटेपर्यंतही टिकणार नव्हती, आणि भट्टी रोज पेटणार होती. नाही म्हटलं, तर पंजाचं इथे काही काम उरत नव्हतं. चारचौघांत मुरलीला उत्तर सुचेनासं झालं, की बाई त्याच्या तळव्यावर अंगठा हलकेच दाबत. आताही अंगठा सवयीने उचलला गेला. बाईंनी तो तसाच अधांतरी धरला.

"तुला सांगतोय मी," सर म्हणाले.

मुरलीने श्वास घेतला. त्याची छाती भरत गेलेली बाईंना त्याच्या मनगटातून कळली.

त्यांनी बोटं उघडली. मुरलीने आपली मिटली.