मुखरूचा वापस्या कसा झाला

मी एक जुना डोंगा आहे. अहेरीच्या बाजाराला जाताना जी नदी आडवी येते, तिच्या काठावर मी पालथा पडलो आहे. पोटात हातभर लांब भेग आहे. मित्रांनो, मी फार थकलो आहे. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला कुजायचं नाही.

पलीकडच्या जंगलात मी सावरीचं झाड होतो. घाटावरचा नावाडी मुखरू ढिवर याने मला पाडलं, महिनाभर कोरलं आणि १९५१ साली पाण्यात सोडलं. तेव्हा माझ्यासमोर नारळ फुटला, मला शेंदूर लागला. तो मान तेवढाच. मग बाजाराच्या दिवशी चारोळीच्या टोपल्या, कोंबड्या, माणसं आणि त्यांची भांडणं, सगळं माझ्या पोटात. पाठीवरून हात फिरवायचा तो फक्त मुखरूने.

आमच्या घाटावर वेळापत्रक नव्हतं. काठावर उभं राहून "ओ डोंगावाले!" अशी हाक मारायची, की डोंगा यायचा.

पुढे या मुखरूला सगळे 'वापस्या' म्हणू लागले. भरलेला डोंगा मधोमध आलेला असो, मागून हाक आली की हा वळायचाच. माणसं वैतागायची. मीठ-मिरची विकणारे नानाजी तर एकदा ओरडलेच, "हा नावाडी नाई गा, वापस्या आहे वापस्या! अशानं बाजार उठल्यावर पोचू आपण!" सगळे हसले आणि नाव चिकटलं. मुखरू गुमान बांबू रोवत मला पुढे रेटत राहिला. त्याला वाटेल ते ऐकून घ्यायची सवय झाली होती. मला मात्र नाही झाली, कारण तो असा का झाला हे मला माहीत होतं.

ते १९५३ च्या श्रावणात घडलं. बाजाराचा दिवस होता. मी काठोकाठ भरलेला, अर्धी नदी ओलांडलेली. मागच्या काठावरून हाक आली. जंगलातल्या गावची सोमारी उभी होती. तिच्या कडेवर तापाने फणफणलेलं पोर होतं, तिला अहेरीच्या दवाखान्यात जायचं होतं. मुखरूचा बांबू क्षणभर पाण्यात थांबला. मग तो ओरडला, "बाई, दुसऱ्या खेपेले नेतो तुले!"

दुसरी खेप झालीच नाही. वर कुठेतरी पाऊस कोसळला आणि घटकाभरात नदी दोन्ही काठांना लागली. दोन दिवस मी खुंटाला बांधलेला होतो, आणि मुखरू माझ्याशेजारी उभा होता. तिसऱ्या दिवशी आम्ही पलीकडे गेलो. सोमारी तिथेच होती. कडेवर पोर नव्हतं. ती वळून गावाकडे निघून गेली.

त्या दिवसापासून मुखरू प्रत्येक हाकेला वळू लागला. चार वर्षं मी त्याच्याबरोबर वळलो. उगाच वळलो, पुष्कळदा. एकदा तर एका म्हाताऱ्याची चिलीम राहिली म्हणूनही वळलो. माझी हाडं तिथेच खिळखिळी झाली.

मग १९५७ चा भादवा आला. पाणी चढत होतं, डोंगा भरलेला होता, नानाजीही होते. आणि मागून हाक आली. तीच सोमारी, कडेवर नवं पोर, तापाने मलूल पडलेली मुलगी.

"वापस नको घेऊ!" नानाजी किंचाळले. "बुडवतोस का आमाले?"

"बुडलो तर माह्या नावानं बोंबला," मुखरू म्हणाला आणि त्याने मला वळवलं. वळताना प्रवाहाने मला आडवं केलं, पाण्याखालचा खडक लागला आणि माझं पोट फाटलं. तरी काठ गाठला. सोमारी बसली. मुखरूने भेगेत चिंध्या कोंबल्या, माणसं भोपळ्याच्या तुंब्याने पाणी उपसू लागली.

मधोमध सोमारी हळूच म्हणाली, "भाऊ, लोक तुले वापस्या म्हणतेत म्हणे."

"म्हणतेत."

"काऊन वळतोस ते तू सांगतलं नाई त्यायले?"

"नाई."

"मीबी नाई सांगतलं," ती म्हणाली. "आता नको सोसू तेवढं. माह्या मनात राग नाई."

मुखरूचे डोळे भरले. नानाजींच्या हातातला तुंबा थांबला होता. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

अहेरीच्या दवाखान्यात मुलगी वाचली. मी मात्र त्या दिवसानंतर पाण्यात उतरलो नाही.

मित्रांनो, भेग बुजवून मला डांबर लावा असं मी म्हणत नाही, माझं झालं. पण कुणाला चिडवायचं नाव ठेवाल, तेव्हा ते नाव तो माणूस कशापायी वागवतो आहे, एवढं विचारा. नानाजी आता त्याला 'मुखरूभाऊ' म्हणतात. बाकीचे वापस्याच म्हणतात.

घाटावर आता दुसऱ्याची नवी नाव आहे, ती ठरल्या वेळेला सुटते. मुखरू माझ्या पाठीवर बसून जाळं विणतो. पलीकडून कुणी हाक मारली, की तो जाळं टाकून उठतो. मग त्याला माझी भेग दिसते, आणि तो पुन्हा बसतो.