तेवीस नातेवाईक आणि एक खरी बाई

तुम्ही मिस्त्रीला लबाड म्हणालात. तोंडावर नाही, कारण तुम्हाला तोंडच नाही. एका ओळीत म्हणालात आणि खाली सही करायचीही हिंमत दाखवली नाहीत. 'आपल्या चॅनेलवर बनावट प्रेक्षक आढळले.' संपलं! आता ज्याला लबाड ठरवलंत तो कोण, हे निदान ऐकून घ्या.

मिस्त्रीची चाळीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्त करण्यात गेली. बंद मशीनचं चाक हाताने एकदा फिरवायचा आणि नुसत्या आवाजावरून दुखणं सांगायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा सांडू लागला, मग स्क्रू सुटू लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे वाढतच जाणार, असंही सांगून टाकलं. हाताखाली शिकायला तर कुणी येत नव्हतं. तेव्हा सून म्हणाली, "मामंजी, हात चालतोय तोवर सगळं व्हिडिओत धरून ठेवू. तुम्ही बोला, मी फोन सांभाळते."

"माझं थोबाड कोण बघणार, पोरी?"

"थोबाड घेतच नाही. नुसते हात घेते."

दोऱ्याच्या रिकाम्या खोक्यांवर फोन टेकवला आणि मिस्त्री आयुष्यभर जसा शिकवत आला तसाच शिकवू लागला, म्हणजे शिव्या घालत. "अरे गाढवा, तेल थेंबभर घाल, आंघोळ घालू नकोस तिला!" सून म्हणायची, "गाढव राहू द्या, पुढचं कापते." व्हिडिओ तुमच्या साइटवर चढला की ती फोनमधून काढून टाकायची. फोन जुना, जागा कमी. वर चढलाय म्हणजे तिथे सुरक्षित आहे, असा तिचा तुमच्यावर विश्वास. हो, तुमच्यावर!

दहा व्हिडिओ झाले. प्रेक्षक आठ, आणि आठही एकाच आडनावाचे.

मग एके दुपारी सातव्या व्हिडिओखाली कुणीतरी लिहिलं: 'दादा, घरी कपडे शिवते. आईचं जुनं काळं मशीन आहे. जाड कापडावर टाका सुटतो. सुई बदलली, दोरा बदलला, तरी सुटतो. इथे जवळ दुरुस्तीवाला नाही. काय करू?'

मिस्त्रीने ते सुनेकडून तीनदा वाचून घेतलं. "ही आपली कोण लागते?"

"कोणीच नाही, मामंजी."

"कोणीच नाही?" म्हातारा खुदकन हसला. "म्हणजे खरी आहे की!"

तिच्यासाठी अकरावा व्हिडिओ झाला. रोग त्याला ऐकतानाच कळला होता: सुईचा दांडा केसभर वर सरकलाय, म्हणून खालच्या हुकाची चोच दोरा उचलत नाही. बाजूचं झाकण काढायचं, एक स्क्रू सैल करायचा, दांडा केसभर खाली घ्यायचा, पुन्हा कसायचं. काम दहा मिनिटांचं. चित्रीकरणाला तीन दिवस लागले. दर वेळी त्या केसभरापाशी हात दगा द्यायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी घेतल्यावर हात अचानक शहाण्यासारखा वागला. दांडा बसला, जाड कापडावर सरळ टीप पडली, आणि सुनेने फोन धरल्या-धरल्या डोळे पुसले.

इथवर तुम्हाला आक्षेप घ्यायला काही नव्हतं. इथून ताई आली.

ताई मिस्त्रीची थोरली बहीण. या घराण्याची एक जुनी रीत आहे. कुणी दुकान उघडलं की सगळ्या गोतावळ्याने दारात जाऊन उभं राहायचं, काही घ्यायचं असो वा नसो. गर्दी बघून गिऱ्हाईक येतं, हे ताईचं शास्त्र. मिस्त्रीचं दुकानही तसंच चाललं होतं. भावाच्या चॅनेलला आठच माणसं आहेत हे कळल्यावर ती कडाडली, "आठ? मेले काय सगळे?"

दोन दिवसांत, ते आठ धरून, तेवीस फोन कामाला लागले. त्यातले सहा ताईच्याच स्वयंपाकघरात, बरण्यांना टेकवून ओळीने उभे. सकाळी अकरावा व्हिडिओ सुरू व्हायचा तो संध्याकाळपर्यंत फिरत राहायचा. "आवाज बंद ठेवा रे, माझा भाऊ फार शिव्या घालतो!" प्रत्येकाने 'छान माहिती' लिहायचं, असा हुकूम होता. एका भाच्याने लिहिलं, 'छान माहिती. मावशीने लिहायला सांगितलं.' एवढी प्रामाणिक बनवाबनवी तुम्ही जन्मात पाहिली नसेल.

पाचव्या दिवशी तुमची ओळ आली. चॅनेल गेलं, अकराच्या अकरा व्हिडिओ गेले. त्या बाईचा प्रश्नही गेला आणि तिला गाठायची वाटही गेली.

सुनेने अर्ज केला. खरं ते लिहिलं: ही आमचीच माणसं आहेत, प्रेमापोटी चुकली, निदान व्हिडिओ तरी परत द्या. चार मिनिटांत उत्तर आलं. 'काळजीपूर्वक तपासणीनंतर निर्णय कायम.'

"चार मिनिटांत?" मिस्त्री म्हणाला. "चार मिनिटांत मशीनचं झाकण निघत नाही. यांनी काय उघडून बघितलं?"

ताई आली ती दारातच बसली. "मी घात केला रे तुझा."

"तू गर्दी केलीस. दुकानाच्या वेळी केलीस तेव्हा मी तुला काही बोललो होतो?"

"तेव्हा तू काहीच बोलला नव्हतास."

"मग आत ये. दारात काय भिकाऱ्यासारखी बसलीस?"

सुनेने पुन्हा खोकी रचली. मिस्त्रीने झाकण काढलं, स्क्रू सैल केला. दांडा धरला आणि हात असा काही उडाला की स्क्रू मशीनच्या पोटात पडला. आत कुठेतरी दोनदा वाजला. मिस्त्रीने काढायचा प्रयत्नही केला नाही. "बंद कर, पोरी," म्हणाला. त्यानंतर खोकी कुणी रचली नाहीत.

आता ऐका. तेवीस फोन मुके होते, कबूल. ते वजा करा. पण चॅनेल जायच्या आदल्या संध्याकाळी सुनेने अकराव्या व्हिडिओचा वेगवेगळ्या प्रेक्षकांचा आकडा पाहिला होता. आपली माणसं तिने बोटांवर मोजली, तेवीस भरली. पाहणारे चोवीस होते.

मिस्त्री रोज सकाळी गोळी घेताना सुनेला विचारतो, "तिचा टाका बसला असेल का गं?" सून काय सांगणार? कोण आलं, किती वेळ थांबलं, कुठल्या सेकंदाला उठून गेलं, याची नोंद तुमच्याकडे आहे. लबाड ठरवताना तीच तर काढली होतीत. मग तीच पुन्हा काढा आणि सांगा: ते चोविसावं माणूस ती बाई होती का? तिने शेवटपर्यंत पाहिलं का?

हो की नाही, तेवढं बोला.