बंद खिडकी आणि केसरचे डोहाळे

मी खिडकी बोलतेय. काशीदजवळच्या कोळीवाड्यात नीराबाईंच्या घराला समुद्राच्या अंगाला फणसाच्या लाकडाची खिडकी आहे ना, तीच मी. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी सुताराने मला भिंतीत बसवलं. घरातला धूर बाहेर आणि समुद्रावरचा वारा आत, एवढंच माझं काम. त्यात मी कधी कुचराई केली नाही, पण माणसाने कडी घातली की माझं काही चालत नाही.

चुलीचा धूर वाईटच, पण स्वभावाने सरळ. डोळ्यांत पाणी आणतो, खोकवतो, आपण आलोय हे सांगतो. नीराबाई त्याला शिव्या घालत मला सताड उघडायच्या.

मग त्यांच्या मुलाने, सदाने, वस्तीतल्या इतरांसारखंच होडीला पेट्रोलवर सुरू होणारं मशीन बसवलं. काय त्याचं कौतुक! मशीनला हार, मशीनला नारळ. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की मशीन घरात यायचं आणि जावयासारखं पाटावर बसायचं. सदा त्याचे भाग सुटे करून पेट्रोलने धुवायचा. पेट्रोलचे डबेही तिथेच. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजेल म्हणून माझ्या झडपा बंद.

त्याच पावसाळ्यात सदाची बायको केसर पोटुशी होती. पोरीला डोहाळे लागले तेही कसले? चिंच नको, सुकट नको.

"आये, मना त्या पेट्रोलचा वास लय ग्वाड लागतंय."

डोहाळे मोडू नयेत म्हणतात. नीराबाईंचा तर सुनेवर भारी जीव. त्यांनी चिंधी पेट्रोलात भिजवून तिच्या उशाशी ठेवली. "घे बाय, हुंग. तुज्या पोटातला जीव मागतंय."

मी मात्र आत तडफडत होते. हा वास खोकवत नव्हता, रडवतही नव्हता. केसर पांढरी पडत चालली. उठली की चक्कर, हिरड्यांतून रक्त. नीराबाई दृष्ट काढायच्या, आणि बाहेरचं काही बाधू नये म्हणून माझ्या फटींत चिंध्यांचे बोळे कोंबायच्या. इतक्या मायेने मला कुणी कधी बुजवलं नव्हतं.

एका सकाळी केसर कोसळली. सदाने तिला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. परतला तो एकटाच, डबे उचलायला.

"आये, डाक्तर बोलला, या वासात बेंझिन नावाचं इख हाय. श्वासातून रगतात जातं. तिचा आजार त्यानंच हाय का, ते नक्की न्हाय सांगत. पन पेट्रोल घरात नको बोलला. सरकारचा कायदा बी हाय."

नीराबाईंनी ती चिंधी उचलून सदाच्या हातातल्या डब्यावर टाकली. मग माझ्या फटींतले बोळे उपसले आणि माझी कडी काढली.

संध्याकाळी पाटलांच्या अंगणात वस्ती जमली. तिथलं सगळं शेजारच्या वेणूबाईंच्या तोंडून मला कळलं. सदाने कायद्याचं नाव काढताच लोक हसले. घरात डोकवायला कोण येतंय? तेव्हा नीराबाई उभ्या राहिल्या. "मी माज्या हातानं सुनेला इख हुंगवलंय. तुमाला तुमच्या सुनांना हुंगवायचंय का?" मग घराघरांतले डबे निघाले आणि वस्तीपासून दूर, माडाच्या झापांनी शाकारलेल्या मोकळ्या मांडवात गेले.

केसरला दुसऱ्याचं रक्त चढवावं लागलं. पावसाळा सरल्यावर ती घरी आली. गाडी मागच्या रस्त्याने आली, म्हणून मला दिसली नाही. पण बाळाचं रडं ऐकू आलं आणि माझ्या जिवात जीव आला.

आमच्याकडे बाळंतिणीची खोली गच्च बंद ठेवतात. वेणूबाई बोळे घेऊन आल्याच. "नीरा, बालंतीन घरात आनि खिडकी उघडी?"

"दोघींना घोंगडीत गुंडाललंय," नीराबाई म्हणाल्या. "पन वारा येऊ दे गो."

आता माझ्या बिजागऱ्या गंजल्यात, झडपा धड मिटत नाहीत. मागच्या रस्त्याने मोटारी धावू लागल्यात आणि तो गोड वास बाहेरूनच आत येतो. घरातला मी बाहेर घालवीन, पण बाहेरचा कुठे घालवू? तिथे माझी अक्कल संपते. त्याला नियम तुम्हीच घाला आणि घातलेले पाळा. नीराबाईंची नात आता माझे गज धरून उभी राहायला लागली आहे.